वार्षिकांकातलं कापलेलं पान

१

शाळेच्या जुन्या वार्षिकांकातलं एक पान कुणीतरी कापून नेलं होतं, आणि ज्या पोराने आपणहून येऊन ते सांगितलं, त्यालाच सगळ्यांनी चोर ठरवून टाकलं होतं. आमच्या समितीची अक्कल एवढीच.

करोल बागेतली शारदामंदिर ही आमची मराठी शाळा यंदा पंचाहत्तर वर्षांची होतेय. त्यानिमित्त शाळेचे सगळे वार्षिकांक आणि ‘यमुनाकाठ’ या कधीच बंद पडलेल्या मराठी पाक्षिकाचे अंक स्कॅन करून वेबसाइटवर चढवायचं ठरलं. दिल्लीतल्या मराठी माणसांचा इतिहास जगापुढे आणायचा, वगैरे. भाषणं झाली, हारतुरे झाले, आणि एकेक पान उलटायचं काम सुजय ढगेच्या गळ्यात पडलं.

सुजय माझ्या मैत्रिणीचा मुलगा. सरलाने त्याला हिंगोलीहून माझ्या भरवशावर दिल्लीला पाठवलं, यूपीएससीसाठी. वय सरत आलेलं, हा शेवटचाच प्रयत्न. यंदा देवाच्या कृपेने लेखी परीक्षा पार पडली आणि मुलाखत पुढच्या आठवड्यावर आली. शाळेने वरच्या मजल्यावरची एक खोली राहायला दिली होती, म्हणून तो अभ्यासातून वेळ काढून स्कॅनिंग करायचा.

“एकेचाळीस-बेचाळीस नंबरचं पान नाहीये,” त्याने समितीला सांगितलं. “१९७६-७७च्या अंकातलं. कुणीतरी कापलंय.”

झालं. त्या पानावर एका नामवंत गवयाचा फोटो होता. बुवा शाळेत गाऊन गेले होते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले तेव्हा शाळेच्या प्रतीवर फोटोखाली सहीही करून गेले होते. असल्या सह्यांना आता शौकीन लोक भरपूर किंमत देतात म्हणे.

“बुक त्याच्या कस्टडीत होतं,” अध्यक्ष श्रीरंग अष्टपुत्रे रविवारच्या बैठकीत म्हणाले. ते केंद्र सरकारातून सहसचिव म्हणून निवृत्त झालेत, पण घरच्या जेवणाच्या टेबलावरही सहसचिवच असतात. “उद्या संध्याकाळच्या मीटिंगपर्यंत पान परत आलं तर ठीक. नाहीतर मी सरळ ठाण्यात जाऊन एफआयआर करणार.”

“साहेब, मी चोर असतो तर सांगायला कशाला आलो असतो?” सुजय म्हणाला.

“तेच तर स्मार्ट लोक करतात, बिल्कुल हेच.”

मी, चेतना राजवाडे, एका मंत्रालयाच्या दक्षता विभागात नोकरी करते. लाच खाणाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारणं हे माझं काम. पण त्या दिवशी जिन्यावर सुजय मटकन बसला, तेव्हा त्याला विचारायला माझ्याकडे एकही प्रश्न नव्हता.

“मावशी, निवड झाली की पोलिस व्हेरिफिकेशन होतं,” तो म्हणाला. “तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झालाय का, हे फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. मी काय लिहू? खरं ठरेपर्यंत वर्षं जातील. मला पुढचं वर्ष नाहीये.”

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. सरला होती. मुलाखतीचा कोट शिवून आला का, असं विचारत होती. “शिवून येतोय, आई,” म्हणून त्याने फोन ठेवला आणि गुडघ्यांत तोंड खुपसून रडायला लागला.

२

मी तडक ग्रंथालयात गेले.

ग्रंथालय अंबादास गव्हाणे सरांच्या ताब्यात असतं. सर चित्रकला आणि हस्तकला शिकवायचे. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी रोज येऊन फुकट पुस्तकं सांभाळतात. त्यांनी लग्न केलं नाही, शाळेशीच संसार मांडला, असं आमच्याकडे सगळे कौतुकाने सांगतात.

“सर, तो अंक दाखवा.”

त्यांनी निमूट काढून दिला. त्यांचा चेहरा ओढलेला होता, रात्रभर झोपले नसावेत.

मी पान शोधलं. पटकन कळतच नव्हतं की इथून काही गेलंय. पान अगदी शिवणीपाशी कापलेलं नव्हतं. बोटभर पट्टी मागे ठेवली होती आणि ती शेजारच्या पानाला बेमालूम चिकटवून टाकली होती. जुन्या पुस्तकात पानं जोडीने धाग्यात ओवलेली असतात. एक मुळापासून कापलं की पलीकडचं जोडपान सुटून हातात येतं. कापणाऱ्याने तेही होऊ दिलं नव्हतं. पट्टीच्या कडेला निळसर झाक होती. शाई सांडली असेल, असं मला वाटलं.

“सर, पैशासाठी सही चोरणारा बाकीच्या पुस्तकाची इतकी काळजी कशाला घेईल?”

“कोण सांगणार.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “चेतनाबाई, त्या मुलाचं काही वाईट होणार नाही ना?”

“होणारच आहे. उद्या संध्याकाळी.”

त्यांनी डोळे मिटून घेतले.

दारात कुसुमावती वहिनी उभ्या होत्या, अध्यक्षांच्या पत्नी. सत्तरी उलटलेली, गोऱ्या, शांत, आणि डाव्या भुवईत एक जुनी खाच. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्या होत्या म्हणे. हातात सुजयसाठी डबा होता.

“तो जेवत नाहीये, चेतना. तू सांग ना त्याला,” त्या म्हणाल्या. “मी यांना खूप समजावलं. पण हे ऐकतात का कुणाचं?”

“तुम्हाला कोणावर संशय आहे का, वहिनी?”

“मला काय कळतं त्यातलं?” त्यांनी सरांकडे पाहिलं नाही, सरांनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. “सर, डबा इथे ठेवते,” एवढं म्हणून त्या गेल्या.

सर पुन्हा कामाला बसले. प्रदर्शनासाठी दिल्लीचा एक जुना नकाशा ते पुठ्ठ्यावर चढवत होते.

“घरी शिजवलेली खळ? बाजारचा गोंद का नाही वापरत?” मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“गोंदाने कागद आखडतो. खळच बरी. कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचा, की झालं.”

मी वाकून वाटीत पाहिलं. खळ निळसर होती.

३

त्या निळ्या खळीने माझी रात्र खाल्ली. सर पैशाला शिवणारे नव्हेत. बुवांच्या सहीचंही त्यांना अप्रूप नसणार, बुवांना स्टेशनवरून आणायला दोन्ही वेळा तेच गेले होते. मग त्या पानाचं त्यांना काय करायचं होतं?

सकाळी दात घासताना डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ह्याचा मला संताप आला. पानाला दोन बाजू असतात, आणि आम्ही सगळे बुवांच्याच बाजूकडे बघत बसलो होतो.

रजा टाकून मी दिल्लीबाहेरचं मानेसर गाठलं. आमची वेबसाइट सांभाळणारी कृतिका साने तिथल्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत संगणक विभागात आहे. मुलगी हुशार, जन्म-शिक्षण सगळं दिल्लीतलं. दुपारच्या सुट्टीत ती लॅपटॉप घेऊन गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आली.

“काकू, यार, सुजयने नाही केलं हे. मी लिहून देते.”

“तू लिहून देऊन काय उपयोग? मला सांग, बेचाळीस नंबरवर काय होतं?”

तिने अंकाची अनुक्रमणिका उघडली. एकेचाळीस, बुवांचं गायन. बेचाळीस, शाळेतलं हळदीकुंकू, छायाचित्र.

“हळदीकुंकवाचा फोटो कोण चोरणार, काकू?”

“तेच शोधायचंय. तेव्हाचे फोटो ‘यमुनाकाठ’मध्येही छापून यायचे. बघ बरं, हाच फोटो आहे का.”

तिने ‘हळदीकुंकू’ शब्द टाकला. पुष्कळ फोटो आले, पण त्या सालचा एकही नाही. ‘संक्रांत’ टाकलं, ‘तिळगूळ’ टाकलं. काही नाही. घड्याळ पुढे पळत होतं, तिची सुट्टी संपत आली होती.

“हे मशीन शोधतं कसं?”

“जुनी छपाई त्याला वाचता येत नाही. प्रत्येक फोटो बघून मी हाताने नाव देते, त्यावरून शोधतं.”

“मग नाव राहू दे. सत्त्याहत्तरच्या जानेवारीचे अंक तसेच उघड.”

“त्यात एकच फोटो आहे शाळेचा. पण तो डोहाळजेवणाचा आहे.”

“दाखव.”

शाळेच्या हॉलमध्ये दहा-बारा बायका, आणि मध्ये खुर्चीवर एक कोवळी मुलगी. अंगावर गडद साडी, गळ्यात, हातात, कपाळावर पांढरेशुभ्र दागिने. खाली नुसती नावं छापलेली.

“ह्याला डोहाळजेवण कोणी म्हटलं?”

“मीच.” कृतिका गोंधळली. “फुलांचे दागिने घातलेत ना? माझ्या वहिनीच्या वेळी सेम असेच होते.”

“अगं, ही फुलं नाहीत. जवळून बघ. हा हलवा आहे, साखरेचा, काटे काटे असतात ना त्याला, तो. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या नवरीला काळी साडी नेसवतात आणि हलव्याच्या दागिन्यांनी मढवतात. हेच ते हळदीकुंकू.”

“अच्छा! मला कुणी सांगितलंच नाही कधी.” बिचारीचा चेहरा एवढासा झाला. मला मात्र तिला मिठी मारावीशी वाटली. तिने नाव बरोबर दिलं असतं, तर कोणाला तरी ते सापडलं असतं आणि हाही फोटो आज इथे नसता.

मी फोटोखालची नावं वाचली. मधल्या नवरीचं नाव होतं, सौ. राधा अंबादास गव्हाणे.

सरांनी लग्न केलं नाही, असं सगळे म्हणतात. सर स्वतः तसं कधी म्हणाल्याचं मला आठवेना.

“मोठा कर फोटो,” मी म्हणाले. कृतिकाने नवरीचा चेहरा पडदाभर केला. आणि माझा हात कपाळाला गेला. डाव्या भुवईत खाच होती.

४

ग्रंथालयात सर एकटेच होते. मी फोनवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग फोन हातात घेऊन ते इतका वेळ बघत राहिले की मला कुठे बघावं कळेना.

“हा पेपरातही आला होता? मला माहीतच नव्हतं,” ते म्हणाले.

“राधा म्हणजे कुसुमावती वहिनी.”

“लग्नात मी ठेवलं होतं नाव. तेव्हा बदलायचेच सगळे.” आवाज अगदी खाली गेला होता. “ती ब्राह्मणाची, मी असा. तिचे वडील इथेच सरकारी नोकरीत. घरातून निघून आली आणि आम्ही आर्यसमाजात लग्न केलं. सासर असं काही नव्हतंच तिला. मग शाळेतल्या बायांनीच रात्री बसून हलवा काढला, दागिने केले. फार हसली होती त्या दिवशी.”

“मग?”

“उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी अन्न सोडलं. ती बघायला म्हणून गेली. पुढे रीतसर घटस्फोट झाला, त्यांची बदली झाली, नागपूरला तिचं दुसरं लग्न झालं. पहिलं सांगितलंच नाही कोणी. बऱ्याच वर्षांनी अष्टपुत्रे साहेब दिल्लीत आले आणि बायकोला घेऊन शाळेच्या कार्यक्रमाला आले. मी हात जोडून म्हटलं, नमस्कार वहिनी.”

“तेव्हापासून?”

“तेव्हापासून नमस्कार वहिनीच.”

बाकीचं मला जुळवता आलं. प्रदर्शनात मोठ्या पडद्यावर जुने फोटो दाखवून ‘ओळखा पाहू’ खेळायचं, असं कृतिकाने मागच्या महिन्यात जाहीर केलं होतं. साऱ्या दिल्लीचे मराठी म्हातारेकोतारे जमणार. वहिनींची भुवई कोणीही ओळखली असती. पान गेल्याचं कुणाला कळणार नाही, असा सरांचा हिशेब होता. पानं मोजत बसणारा सुजय त्यांच्या हिशेबात नव्हता.

“सर, त्या पोराचं आयुष्य जातंय. तुम्ही कालपासून गप्प कसे बसलात?” माझा आवाज चढला. “त्याची आई तिकडे कोट शिवून झाला का विचारतेय!”

“बोललो तर तिचं घर जातं. नाही बोललो तर त्याचं आयुष्य.” त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. “आज संध्याकाळी मी सांगतो. पान मी कापलं. पैशासाठी विकलं म्हणून सांगतो. तुम्ही फक्त फोटोचं बोलू नका. पाया पडतो तुमच्या.”

ते खरंच उठले. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. नोकरीत माझ्यापुढे पुष्कळांनी गुन्हा नाकारलाय. न केलेला गुन्हा अंगावर घेण्यासाठी पाया पडणारा हा पहिलाच, आणि मला त्याला नाही म्हणता आलं नाही.

५

संध्याकाळी समिती जमली. सुजय कोपऱ्यात उभा होता. बस म्हटलं तरी बसेना. वहिनी दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. अध्यक्षांनी तक्रार टाइप करूनच आणली होती.

“चेतनाबाई, काही प्रोग्रेस?”

“हो. सुजयने पान कापलेलं नाही.” मी अंक उघडून पट्टी दाखवली. “कापणाऱ्याला ते लपवायचं होतं, म्हणून त्याने कड चिकटवून टाकली. सुजयने तर सगळ्यांना ओरडून सांगितलं. लपवणारा आणि सांगणारा एकच कसा असेल? शिवाय चिकटवायला वापरलीय ती मोरचूद घातलेली खळ. आणि ती खळ...”

“मी करतो,” सर उभे राहिले. “पान मी कापलं, साहेब. पैशाची गरज होती. विकलं.”

सुजय तोंड उघडं टाकून सरांकडे बघत राहिला.

“तुम्ही?” अध्यक्षांना बसलेला धक्का खरा होता. मग ते लाल झाले. “इतकी वर्षं शाळेने तुम्हाला सांभाळलं, गव्हाणे, आणि तुम्ही शाळेलाच विकलंत? लाज नाही वाटली? ठीक आहे. नाव बदलतो. एफआयआर तर होणारच. उद्यापासून ग्रंथालयात पाऊल ठेवायचं नाही.”

“नाही ठेवणार.”

“कुणाला विकलं?”

सरांनी याचं उत्तर ठरवून आणलं नव्हतं. मी खाली मान घातली. सुजय सुटला होता. मला पाहिजे होतं ते झालं होतं. पण फोटोचं बोलणार नाही, असं मी कबूल केलं होतं.

“बोला! चोराला लाज कसली?” अध्यक्ष ओरडले.

“त्यांना चोर म्हणू नका,” वहिनी म्हणाल्या.

सगळे वळले. वहिनी उठल्या नव्हत्या, खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या.

“कुसुम, तू मध्ये पडू नकोस.”

“पान त्यांनी कापलं, पण मागितलं मी. विकलेलं नाही. आपल्या घरी आहे, माझ्या साड्यांमध्ये. रोज ठरवते जाळायचं, जाळवत नाही.”

“तुला कशाला हवंय ते? बुवांची सही?”

“मागच्या बाजूला माझा फोटो आहे. संक्रांतीचा. लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत मी ह्या शाळेत केली, ह्यांची बायको म्हणून.” त्यांनी सरांकडे बोट दाखवलं नाही, नुसतं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर पाहिलं. “तुम्हाला सांगितलं नव्हतं. वडिलांनी शपथ घातली होती. नंतर धीर झाला नाही.”

तक्रारीचा कागद अजून अध्यक्षांच्या हातात होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

“मिस्टर ढगे,” ते शेवटी म्हणाले, “तुमच्याविरुद्ध काही नाही. तुम्ही मुलाखतीला जा.”

बायकोकडे न बघता ते बाहेर गेले. खाली त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब जात विरला. समितीतले बाकीचेही एकेक करून खाली माना घालून निघाले. सर तिथेच उभे होते. वहिनी त्यांच्यासमोरून जाताना थांबल्या.

“तुम्ही पैशासाठी केलं म्हणून का सांगितलंत?”

“दुसरं काही सुचलं नाही,” सर म्हणाले.

सुजयने येऊन वहिनींच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि जिना उतरायला लागल्या. मी मागोमाग धावले. फाटकाशी रिक्षावाले ओरडत होते, आणि पर्स छातीशी धरून त्या फुटपाथवर उभ्या होत्या.

“चला वहिनी, माझी गाडी आहे,” मी म्हणाले. “कुठे सोडू?”

त्या गाडीत बसल्या. पदर सावरला, काच वर केली, काच खाली केली.

“ते मला अजून माहीत नाही गं, चेतना,” त्या म्हणाल्या. “तू जरा नुसती चालव.”